पुडिंगमावशीचा करदाता क्रमांक

रसेल टपहोम उन्हाळ्यात गाढवं हाकतो आणि हिवाळ्यात बाई होतो. आमच्या समुद्रकाठच्या स्कार्लबी गावात यात कुणाला काही वावगं वाटत नाही. जून-जुलैत किनाऱ्यावर आलेल्या पोरांना गाढवावर बसवून वाळूतून चक्कर मारून आणायची, आणि नाताळ जवळ आला की दाढी उतरवून, छातीवर दोन उशा बांधून गावच्या नाट्यगृहात पुडिंगमावशी म्हणून उभं राहायचं. नाताळच्या नाटकातलं मावशीचं काम पुरुषानेच करायचं, तेही चांगल्या आडव्या हाडाच्या, केसाळ हातांच्या पुरुषाने, अशी इथली रीत आहे. हेच काम एखाद्या बाईने केलं तर लोक तिकिटाचे पैसे परत मागतील.

गाढवांच्या आधीची एकोणीस वर्षं रसेल बस चालवायचा. त्या काळात कर ही त्याच्या लेखी पगाराच्या चिठ्ठीतली एक ओळ होती. महिन्यातून एकदा तिच्याकडे बघायचं, सरकारच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचा आणि पुढच्या महिन्यापर्यंत विसरून जायचं. पैसे कंपनीच कापून घ्यायची, त्यामुळे शिव्यांपलीकडे रसेलवर काही जबाबदारी नव्हती. पुढे कंपनीच्या लक्षात आलं की स्कार्लबीच्या बसमध्ये तीनच म्हाताऱ्या बसतात आणि त्यातली एक गप्पा मारायला बसते, तिला कुठे जायचंच नसतं. बस बंद झाली.

त्याच सुमाराला गाढववाल्या वॉली स्लाइटचे गुडघे गेले. त्याने सहाही गाढवं, त्यांचा गोठा आणि गोठ्याला लागून असलेला गळका बंगला रसेलला देऊ केला.

"मला गाढवातलं काही कळत नाही," रसेल म्हणाला.

"एकोणीस वर्षं गिऱ्हाइकं वाहिलीस ना?" वॉली म्हणाला. "आता बसला पाय आहेत एवढंच समज."

रसेल आणि त्याची बायको जॅनीन बेकहाऊस गल्लीतलं भाड्याचं घर सोडून बंगल्यात आले. उन्हाळा झकास गेला. मेजर नावाचं सगळ्यात म्हातारं गाढव रसेलच्या खांद्यावर मान टाकून उभ्या उभ्या डुलक्या घ्यायला लागलं, आणि पॅट्रिशिया नावाची गाढवी मेजर दिसेनासा झाला की अर्धा किनारा गोळा होईल असा गळा काढायची.

स्वतःचा धंदा म्हटलं की करखात्यात स्वतःच नाव नोंदवायचं, तिथून आपल्या नावाचा करदाता क्रमांक मागवायचा आणि त्या क्रमांकावर जानेवारी संपायच्या आत वर्षाचं विवरण भरायचं. नोंदणी ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात व्हायला हवी होती. जॅनीन ऑगस्टपासून सांगत होती. रसेल प्रत्येक वेळी "बघतो" म्हणायचा आणि खरोखरच खिडकीतून गाढवांकडे बघत बसायचा. अखेर नोव्हेंबरात त्याने नोंदणी केली.

"तीन आठवड्यांत टपालाने क्रमांक येईल," असं उत्तर आलं. कुठल्या वर्षीच्या तीन आठवड्यांत, ते लिहिलं नव्हतं.

एवढं असतं तर रसेलने ते अंगाला लावून घेतलं नसतं. पण नगरपालिकेने यंदा नवीन टूम काढली. किनाऱ्यावर गाढवं फिरवायचा परवाना हवा असेल तर अर्जावर करदाता क्रमांक लिहा, विवरण भरल्याची पोच जोडा, आणि हे सगळं एकतीस जानेवारीच्या संध्याकाळच्या आत खिडकीवर द्या. परवाना नाही म्हणजे उन्हाळा नाही. उन्हाळा नाही म्हणजे सहा गाढवांनी वर्षभर बसून कडबा खायचा, आणि तेवढा कडबा रसेलच्या ऐपतीत नव्हता. शेजारच्या परगण्यात म्हाताऱ्या गाढवांचा एक आश्रम आहे. जॅनीनने नुसतं विचारून ठेवावं म्हणून तिथे फोन केला होता. ते तीन घेऊ शकत होते. उरलेली तीन दुसऱ्या आश्रमात, लांब वेल्समध्ये.

"म्हणजे मेजर इकडे आणि पॅट्रिशिया तिकडे?" रसेलने विचारलं.

"मी नुसतं विचारलंय," जॅनीन म्हणाली. "तू नुसतं बघत होतास, तसं."

डिसेंबरभर रसेल करखात्याला फोन करत होता. या खात्याचा फोन लागतो, पण उचलला जात नाही. आधी एक यंत्र सांगतं की आमच्याकडे आज नेहमीपेक्षा जास्त गर्दी आहे, आणि हे ते रोज सांगतं. मग एक धून वाजते. एकच धून, पुन्हा पुन्हा. जॅनीन भांडी घासताना ती गुणगुणायला लागली होती. मधून चुकून माणूस भेटायचा आणि म्हणायचा, "तुमचं पत्र पाठवलंय, सर." कधी पाठवलं, विचारलं तर म्हणायचा, "पाठवलंय असं इथे दिसतंय." आणि पुन्हा धून.

असं करत तीस जानेवारी उजाडला. गुरुवार होता आणि दुपारी नाटकाचा प्रयोग होता; नाताळचं नाटक आमच्याकडे जानेवारी संपेपर्यंत चालतं. रसेलने रंग फासता फासता फोन लावला होता. पाऊण तास उलटला तरी धून चालूच. पहिली घंटा झाली.

"ठेव आता तो," विंगेत उभी असलेली बेव्ह म्हणाली. पडद्यामागचं सगळं खटलं तीच सांभाळते. "मध्यंतरात पुन्हा कर."

"बेव्ह, माझा रांगेत नंबर लागलाय."

या देशात माणूस देव सोडेल, बायको सोडेल, लागलेली रांग सोडणार नाही. तिने मुकाट्याने फोन घेतला, त्याचा आवाज थोडा कमी केला आणि मावशीच्या डाव्या उशीत खोचून दिला. गडबडीत एक गोष्ट दोघांच्याही ध्यानात आली नाही. त्याच उशीला मावशीचा माइक अडकवलेला होता.

पहिला प्रवेश धकून गेला. मावशीने आपण अवघ्या सव्वीस वर्षांच्या असून अजून स्थळं बघत असल्याचं जाहीर केलं. उशीतून धून ऐकू येत होती, पण पियानोवाल्या बाईला वाटलं हा नवीन बेत असेल, आणि तिने ती धून बेमालूम उचलली. मग आला स्वयंपाकघराचा प्रवेश. मावशी कणीक तिंबतेय, आणि दुष्ट सरदार, म्हणजे आमचे दातांचे डॉक्टर, तिची सोन्याची अंडी घालणारी बदकीण पळवायला मागून चोरपावलांनी येताहेत. सगळं थिएटर ठरल्याप्रमाणे ओरडत होतं, मावशी मागे बघ, मागे बघ. मावशी ठरल्याप्रमाणे भलतीकडेच बघत होती.

तेवढ्यात धून थांबली.

"थांबल्याबद्दल आभारी आहोत," मावशीची छाती म्हणाली, आणि ती सज्जातल्या शेवटच्या रांगेपर्यंत लख्ख ऐकू गेली. "मी जोआन. आपल्याला काय मदत करू?"

दुष्ट सरदार एक पाय वर धरून तसाच उभा राहिला. रसेलच्या डोक्यात क्षणभर एका पारड्यात नाटक आणि दुसऱ्यात सहा गाढवं अशी तोलून झाली. नाटक वर गेलं.

"मी टपहोम बोलतोय," तो म्हणाला, पण भीतीने गळ्यातून मावशीचाच आवाज निघाला.

"मिसेस टपहोम?"

"मिस्टर."

"बरं," जोआन म्हणाली. खात्यात तिला कुठल्याच गोष्टीचं आश्चर्य न वाटण्याचा पगार मिळत असावा. "ओळख पटवण्यासाठी दोन-तीन प्रश्न विचारते. पूर्ण नाव?"

"रसेल ऑर्विल टपहोम."

थिएटरमध्ये 'ऑर्विल' हे नाव रांगेरांगेतून चाखत चाखत मागे गेलं. त्याने ते शाळा सुटल्यापासून कुणालाही कळू दिलं नव्हतं.

"जन्मतारीख?"

रसेल प्रेक्षकांकडे पाठ करून उशीत कुजबुजला. माइकने कुजबुज चोख पोचवली. हिशेब करायला लोकांना दोन क्षण लागले.

"मावशी, सव्वीस ना गं?" तिसऱ्या रांगेतून एक बाई म्हणाली.

"पत्ता?" जोआन.

"स्लाइटचा बंगला, मार्श रोड."

"हा जुळत नाही, सर. याआधीचा?"

"चौदा, बेकहाऊस गल्ली."

"हां, हा जुळला. तुमची पत्रं तिथेच गेलीत. दोनदा. आणि दोन्हीदा परत आलीत. पाकिटावर लिहिलंय, 'येथे राहत नाहीत, कृपया परत न्यावे, तसदीबद्दल क्षमस्व.' अक्षर छान आहे."

"पण मी अर्जात नवा पत्ता लिहिला होता."

"तो दिसतोय. पण नव्या पत्त्याची खात्री पटलेली नसते ना, म्हणून खात्री करायचं पत्र जुन्या पत्त्यावर जातं."

रसेलने प्रेक्षकांकडे पाहिलं. प्रेक्षकांनी रसेलकडे पाहिलं. एवढा विनोद त्या नाटकात आजवर कुणी लिहिला नव्हता.

"तिसरं पत्र निघालंय," जोआन पुढे म्हणाली. "आजच पोचायला हवं."

"कुठे?"

"जुन्या पत्त्यावर."

"बाई, मला पत्र नको, नुसता क्रमांक हवाय. तुमच्या समोर असेल. वाचून दाखवा."

"फोनवर क्रमांक देता येत नाही, सर."

आता खरं तर रसेल विनवणी करणार होता. पण अंगावर मावशीचा घागरा, डोळ्यांसमोर भरलेलं थिएटर, आणि नाताळच्या नाटकात कुणी 'नाही' म्हणालं की मावशीने आणि प्रेक्षकांनी उलटून काय म्हणायचं ते या देशात जन्मलेल्या प्रत्येकाला दुधाच्या दातांपासून पाठ. जीभ आपोआप वळली.

"अगं बाई, येतोच मुळी."

आणि सज्जासकट अख्खं थिएटर एका सुरात म्हणालं, "अगं बाई, येतोच मुळी."

बेव्हने विंगेत डोळे मिटून घेतले. फोन कापला गेला असं सगळ्यांना वाटलं. आणि मग त्या सरकारी बाईच्या तोंडून, तिच्या नकळत, बारीक पण ठसक्यात आलं,

"अगं बाई, नाहीच मुळी."

असा हशा स्कार्लबीने त्याआधी ऐकला नव्हता. दुष्ट सरदार हसून हसून खाली बसला. हशा ओसरल्यावर जोआन खाकरली.

"हे संभाषण ध्वनिमुद्रित होतंय," ती म्हणाली, बहुतेक स्वतःलाच. "मी शाळेत असताना नाताळच्या नाटकात परी झाले होते. असो. मिस्टर टपहोम, नियम तो नियम. पण घाबरू नका. तुमची नोंदणी उशिरा झालीय, त्यामुळे विवरणाला पत्राच्या तारखेपासून तीन महिने मिळतात. उद्या दंड वगैरे काही होणार नाही."

"दंडाचं नाही हो," रसेल म्हणाला, आणि आता आवाज त्याचा स्वतःचा होता. "माझी गाढवं जातील."

"गाढवं?"

"उद्या संध्याकाळपर्यंत क्रमांक नाही दिला तर किनाऱ्याचा परवाना नाही. मग तिघं इथे आणि तिघं वेल्सला. मेजर अठ्ठावीस वर्षांचा आहे. पॅट्रिशिया त्याच्याशिवाय खात नाही."

आता कुणी हसत नव्हतं. स्कार्लबीत मेजरच्या पाठीवरून एकदा तरी रडत खाली न उतरलेलं माणूस शोधून सापडणार नाही.

"मी पत्ता आत्ता बदलते," जोआन हळू आवाजात म्हणाली. "पण नवं पत्र पोचायला आठवडा लागेल. आज आलेलं तिसरं हाती लागलं तर बघा. त्या घरात आता कोण राहतं, माहिती आहे का?"

रसेलला माहीत नव्हतं. पण सहाव्या रांगेतून एक बायकी आवाज आला, शांत, आणि लग्नाला चाळीस वर्षं झालेल्या बाईचा असतो तसा.

"हॉवर्ड, ते आपलं घर."

सगळ्या माना वळल्या. हॉवर्ड ग्रिम्बलबी उठून उभे राहिले. बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ, टाय बांधून नाटकाला आलेले, आणि दर गुरुवारी पबमधल्या प्रश्नमंजुषेत रसेलच्याच गटात, रसेलच्याच शेजारी बसणारे. बेकहाऊस गल्लीत राहायला आल्याचं त्यांनी सांगितलं होतं. कितव्या घरात, हे विचारणं रसेलला आगाऊपणाचं वाटलं होतं.

"मला क्षमा करा," ग्रिम्बलबी म्हणाले.

"हॉवर्ड, ती पाकिटं तुम्ही परत पाठवलीत?" पुडिंगमावशीने विचारलं.

"हो."

"नाव माझंच होतं ना त्यांवर?"

"हो. पण खाकी पाकीट होतं. करखात्याचं." ग्रिम्बलबींचे कान लाल झाले होते. "एखाद्याच्या पैशाच्या भानगडीत नाक खुपसणं... मला वाटलं, मी पाहिलंय हे तुम्हाला न कळलेलंच बरं."

"तुम्ही गेल्या गुरुवारी दोन तास माझ्या मांडीला मांडी लावून बसला होतात."

"हो. पण तो विषय निघाला नाही. आपण कांगो नदीवर अडलो होतो."

रसेलला त्यांचा रागही येईना, कारण त्यांच्या जागी तो असता तर त्यानेही अगदी हेच केलं असतं. थिएटरमधल्या बहुतेकांनी केलं असतं. ते सगळे बुटांकडे बघत होते.

"आणि आजचं?" उशीतून जोआनने विचारलं. तिने अजून फोन ठेवला नव्हता.

"इकडे येताना पेटीत टाकलं," ग्रिम्बलबी म्हणाले. "समुद्राकडच्या. परत."

त्या पेटीतलं टपाल संध्याकाळी नेतात. उरलेलं नाटक स्कार्लबीच्या इतिहासातलं सगळ्यात वेगवान नाटक ठरलं. मध्यंतरातलं आइस्क्रीम लोकांनी उभ्याने गिळलं, सरदाराला एका कडव्यात मारलं, आणि राजकन्येने राजपुत्राचा प्रश्न पूर्ण व्हायच्या आत होकार दिला. टाळ्या संपायच्या आधी मावशी घागरा वर धरून रस्त्यावर होती.

पाऊस नव्हता, नुसता समुद्रावरचा बोचरा वारा होता. रसेल लाल पेटीशी जाऊन उभा राहिला. त्याच्यामागे ग्रिम्बलबी, त्यांच्यामागे त्यांची बायको ग्वेन, मग बेव्ह, मग काळ्या झग्यातले दातांचे डॉक्टर, आणि मग हळूहळू निम्मं थिएटर. कुणी कुणाला काही सांगितलं नव्हतं. पुढे एक माणूस उभा आहे म्हटल्यावर मागे उभं राहणं एवढं त्यांना कळत होतं. येणारे-जाणारेही काय मिळतंय ते न विचारता मागे लागले.

टपालवाल्या शेरिलने गाडी थांबवली आणि रांगेकडे, मग मावशीकडे पाहिलं.

"काय आहे हे?"

"रांग," रसेल म्हणाला, आणि सगळी हकिकत सांगितली.

"पेटीत पडलं की ते आमचं," शेरिल म्हणाली. "मला देता येत नाही, रस. नोकरी जाईल माझी."

मागून डॉक्टरांनी "अगं बाई," अशी सुरुवात केली, पण बेव्हच्या कोपराने ती तिथेच थांबवली. वाद कुणी घातला नाही, आवाज कुणी चढवला नाही. ते नुसते उभे होते, माना किंचित खाली, अगदी सभ्यपणे, रात्रभर उभं राहायची तयारी असल्यासारखे. शेरिलने पेटी उघडली, गठ्ठा काढला, आणि वरचंच खाकी पाकीट बघून सुस्कारा सोडला.

"देणार नाही," ती म्हणाली. "पण उद्या सकाळी मार्श रोडला मीच असते. आता मला माझा चष्मा शोधायचाय गाडीत. पाकिटं इथे बॉनेटवर ठेवते. कुणी पत्त्यात काही चूक केली असेल आणि ती दुरुस्त केली, तर मला चष्म्याशिवाय दिसत नाही."

ती गाडीत बराच वेळ चष्मा शोधत राहिली. तो तिच्या डोक्यावर होता. ग्रिम्बलबींनी आतल्या खिशातून पेन काढलं, नाटकाच्या तिकिटाची कड पट्टीसारखी धरून 'येथे राहत नाहीत, कृपया परत न्यावे' वर सरळ रेघ मारली, 'तसदीबद्दल क्षमस्व' तसंच राहू दिलं, आणि खाली त्या छान अक्षरात मार्श रोडचा पत्ता लिहिला. मग पाकीट पालथं ठेवलं, म्हणजे आपलं लक्ष गेलं असं कुणाला वाटू नये.

सकाळी शेरिलने ते पाकीट गोठ्याच्या फाटकावरच रसेलच्या हातात दिलं. जॅनीनने जेवायच्या टेबलावर पावत्यांची चवड रचली होती. कडबा, नाल ठोकणारा, गाढवांच्या वैद्याची बिलं, आणि 'मावशीसाठी लांब मोजे, सहा जोड', ज्यावर दोघांचं थोडं भांडण झालं. दुपारी विवरण गेलं, पोच आली. नगरपालिकेच्या खिडकीवर बंद व्हायच्या थोडं आधी रसेलने अर्ज सरकवला. खिडकीतल्या मुलीने क्रमांक तपासला, शिक्का मारला आणि म्हणाली, "मी काल सज्जात होते." मार्चमध्ये परवाना आला. सहाही गाढवांची नावं त्यावर एकाखाली एक होती.

प्रयोगानंतरच्या गुरुवारी पबमध्ये ग्रिम्बलबी नेहमीच्या खुर्चीत बसले होते.

"नमस्कार, रसेल."

"नमस्कार, हॉवर्ड."

प्रश्न नॉर्वेच्या राजांवर होते. तो विषय निघाला नाही.

शनिवारी सकाळी रसेल खिडकीत चहा घेऊन उभा होता. फाटकाशी ग्रिम्बलबी दिसले, टाय बांधलेले, हातात गाजरांची मोठी पिशवी. त्यांनी पिशवी फाटकाला अडकवली. पॅट्रिशिया वास घेत आली, तिच्यामागे मेजर. ग्रिम्बलबींनी एक गाजर मोडून अर्धं-अर्धं दोघांना दिलं, इकडे तिकडे पाहिलं आणि मेजरच्या कपाळावर हात ठेवला.

"जा ना बाहेर," जॅनीन मागून म्हणाली. "आत बोलव त्यांना."

"नको," रसेल म्हणाला आणि पडद्यामागे एक पाऊल सरकला. "बाहेर गेलो तर बिचाऱ्याला बोलावं लागेल."